सहा चित्रांची जबाबदारी

शिंगाडे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या सीटी स्कॅन विभागाबाहेरच्या बाकावर. मांडीवर कापडी पिशवी, पायात साध्या चपला आणि दोन्ही बाजूंना रुग्ण. मी दारातून डोकावून विचारलं, "बाई, तुमचे कागद?" त्यांनी पिशवीतून एक वही काढून दाखवली. "कागद आहेत, पण तपासणीचे नाहीत. मी इथं बसले तर चालेल ना?" कोणाच्या तरी नातेवाईक असतील असं समजून मी त्यांना बाजूला सरकायला सांगितलं. त्या निमूटपणे सरकल्या. दुपारी आमचे विभागप्रमुख डॉ. काझी आले आणि त्यांना बाकावर बघून माझ्याकडं वळले. "अरे भास्कर, मॅडमको बाहर बिठाया? प्रोफेसर आहेत त्या. संख्याशास्त्र शिकवतात. मी बोलावलंय त्यांना." मी ओशाळलो. मॅडम मात्र म्हणाल्या, "राहू द्या, डॉक्टर. मला बाकावरच बसायचं होतं."

त्यानंतर चार दिवस त्या तिथंच बसत होत्या. रुग्ण किती वेळ ताटकळतो, श्वास रोखून धरा म्हटल्यावर कोणाला जमत नाही, टेबल आत सरकताना कोण डोळे मिटून घेतं, हे सगळं त्या वहीत टिपायच्या. मी एकदा विचारलं की आकड्यांच्या कामाला हे कशाला लागतं. त्या म्हणाल्या, "ज्याच्यावर प्रयोग करायचा, त्याला आधी बघायला नको?"

प्रा. डॉ. कौसल्या शिंगाडे यांना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या अध्यापनाविषयी आणि संशोधनाविषयी त्यांचे सहकारी अधिकारानं लिहितील. मी साधा तंत्रज्ञ. संपादकांचं पत्र आलं तेव्हा मला आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली, कारण मॅडमविषयी खरं लिहायचं तर माझी स्वतःची एक चूक लिहावी लागते. तीन दिवस पत्र खिशात घेऊन हिंडलो आणि शेवटी त्यांनाच फोन केला. त्या म्हणाल्या, "लिहा ना, भास्करराव. पण माझीही चूक लिहा. ती वगळून माझा गौरव केलात, तर तो ग्रंथ मी घरात ठेवणार नाही." तेव्हा त्यांच्या परवानगीनं लिहितो आहे.

मॅडमचं माहेर कन्नड तालुक्यातलं, घाटाच्या अलीकडचं. घरी मेंढरं. वडील आठ महिने कळपामागं बाहेर असायचे. मॅडम कन्नडला मावशीकडं राहून शिकल्या, पुढं शहरात आल्या आणि इथल्याच महाविद्यालयात प्राध्यापक झाल्या. बोलणं हळू, आवाज लहान. एखादी गोष्ट पटली नाही की त्या वाद घालत नाहीत. नुसतं "मला जरा काळजी वाटते" एवढंच म्हणतात. आमच्या विभागात या वाक्याची आम्हाला भीती बसली होती. त्या तसं म्हणाल्या की काहीतरी पुन्हा मोजावं लागणार हे ठरलेलं असायचं.

डॉ. काझींनी त्यांना का बोलावलं होतं, ते सांगतो. मुतखड्यानं एखादी किडनी अडली की ती वाचवायची की काढायची, हे ठरवण्यासाठी ती किती काम करते हे मोजावं लागतं. त्याचं वेगळं यंत्र तेव्हा आमच्या जवळपास कुठं नव्हतं. रुग्णाला पुण्याला किंवा मुंबईला जावं लागे, आणि बरेचसे जातच नसत. डॉक्टरांना ते काम आमच्या सीटी स्कॅनवर करायचं होतं. हाताच्या शिरेतून औषध टोचायचं आणि ते किडनीत कसं पोचतं, कसं बाहेर पडतं, याची एकापाठोपाठ चित्रं काढायची. अडचण अशी की प्रत्येक चित्रामागं रुग्णाच्या अंगावर क्ष-किरण पडतात. चित्रं जास्त काढली तर अपाय, कमी काढली तर मोजमाप चुकणार. मग कमीत कमी किती चित्रं काढायची, आणि नेमकी कोणत्या क्षणाला? हा प्रश्न मॅडमचा होता.

मला त्यांनी तो माझ्या गावाच्या भाषेत समजावला. मी बिडकीनजवळचा. त्या म्हणाल्या, "पैठणहून कालव्याला पाणी सोडलं. ते तुमच्या शिवारात कधी आलं, किती चढलं, कधी ओसरलं, हे कळायला तुम्ही दर मिनिटाला बांधावर जाता का? चढताना दोनदा, भरल्यावर एकदा, उतरताना दोन-तीनदा बघितलं की समजतं. फक्त केव्हा बघायचं ते आधी ठरवावं लागतं."

"आणि पाणीच उशिरा आलं तर?" मी विचारलं.

"थोडं मागंपुढं धरलंय मी त्यात," त्या म्हणाल्या.

पूर्वी ज्यांची भरपूर चित्रं निघाली होती अशा जुन्या रुग्णांच्या नोंदी घेऊन त्यांनी काही महिने काम केलं आणि सहा क्षण काढून दिले. फक्त सहा चित्रं. आम्ही ती पद्धत सुरू केली. पहिल्या हिवाळ्यात उत्तरं इतकी चोख यायची, की डॉ. काझी येणाऱ्याजाणाऱ्याला संगणकावरचे आलेख दाखवायचे. मॅडम मात्र दर शनिवारी येऊन नोंदी तपासायच्या आणि प्रत्येक वेळी एखादी शंका मागं ठेवून जायच्या.

मग तो उन्हाळा आला. पाऊस हुकण्याचं ते लागोपाठचं दुसरं वर्ष. शहर तर वाढतच होतं. बिडकीनकडं कारखान्यांसाठी जमिनी गेल्या होत्या, चहूकडं नव्या वसाहती उठत होत्या, आणि प्रत्येक वसाहतीच्या तोंडाशी टँकर उभा. मॅडमच्या स्वतःच्या कॉलनीत नळ आठवड्यातून एकदा यायचा. आमच्या विभागातला पाण्याचा कूलर होळीपासून कोरडा होता. बायकांच्या स्वच्छतागृहाला पाणी पुरत नाही म्हणून कुलूप लागलं होतं. मी दोन्ही रोज बघत होतो.

आमच्या अर्जावर एक ओळ होती. तपासणीआधी दोन ग्लास पाणी प्यायलं का, हो की नाही. ती भरायचं काम माझं. रोजची रांग मोठी. मी मान खाली घालूनच विचारायचो, "पाणी पिलात ना?" समोरचा माणूस "व्हय" म्हणायचा आणि मी खूण करायचो. त्या 'ना'मध्ये उत्तर आधीच भरलेलं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. खरं म्हणजे, कूलर कोरडा आहे हे माहीत असलेल्या माणसाला कळायला हवं होतं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी मॅडम नोंदी बघता बघता थांबल्या. त्यांनी कागद दोनदा उलटसुलट केले. "भास्करराव, मला जरा काळजी वाटते. होळीपासूनचे सगळे आकडे एकाच बाजूला चुकताहेत. अडलेली किडनी प्रत्येक वेळी अंदाजापेक्षा वाईटच दिसतेय. असं सगळ्यांचं एकदम कसं होईल?"

यंत्र तपासलं. ठीक होतं. औषध बदललं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "रुग्ण पाणी पिऊन येतात ना सगळे?"

मी अर्जांचा गठ्ठा पुढं केला. "हे बघा मॅडम. एकूण एक 'हो'."

त्यांनी अर्ज चाळले. एकही 'नाही' नाही हे बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी गठ्ठा मला परत दिला. उठल्या आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

तिथं हौसाबाई बसल्या होत्या. चाळिशीच्या, कन्नडच्या पलीकडच्या वाडीवरच्या, धनगराच्या घरातल्या. दहा दिवसांपूर्वी मीच त्यांची तपासणी केली होती. त्यांची डावी किडनी जवळजवळ निकामी आहे असा आमचा अहवाल गेला होता आणि शहरातल्या दुसऱ्या एका रुग्णालयात ती काढायचं ठरलं होतं. त्या आणि त्यांचे मालक चित्रांची फिल्म न्यायला आले होते. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळं पुढचं बोलणं मी शब्दन् शब्द ऐकलं.

मॅडमनी विचारलं, "त्या दिवशी तपासायच्या आधी पाणी पिल्या होत्या का?"

"व्हय, पिले की."

मॅडम बाकावर जरा जवळ सरकल्या. मग त्यांची बोलीच बदलली. "मी बी तिकडलीच हाय, बाई. घाटाच्या अल्याडची. खरं सांगा, कोणी रागावणार नाय."

हौसाबाईंनी माझ्या दाराकडं एकदा बघितलं. "कुठलं पाणी, बाई! टँकर आठ दिसाला येतो. त्यात लेकरं, त्यातच जित्राबं. अन् एस्टीत बसायचं म्हंजी आम्ही बाया तोंडात थेंब घेत नाय. मधी उतरायचं कुठं? इथं आलं तर संडासाला बी कुलूप. पाणी पिऊन करायचं काय?"

"मग त्या भाऊंनी विचारलं तवा?"

"ते लई घाईत व्हते. नाय म्हणलं असतं तर माघारी लावलं असतं. पुन्हा दोन दिस मोडले असते. म्हणलं, व्हय म्हणावं."

मला पहिला विचार आला तो नोकरीचा, हे मी लपवत नाही. दुसरा विचार त्या बाईंच्या किडनीचा आला, पण दुसरा आला.

मॅडम आत आल्या. त्यांनी हौसाबाईंची चित्रं लावायला सांगितली आणि डॉ. काझींना बोलावलं. अंगात पाणीच नसेल तर औषध किडनीत उशिरा उतरतं, आणि अडलेल्या किडनीत तर फारच उशिरा. आमचं शेवटचं चित्र तोवर निघून गेलेलं असायचं. किडनी काम करत होती की नव्हती, ते आम्ही पाहिलंच नव्हतं. ती उशिरा करते आहे एवढंच दिसलं होतं, आणि ती करत नाही असं आम्ही लिहून दिलं होतं.

"ऑपरेशन कधी आहे?" मॅडमनी हौसाबाईंच्या मालकांना विचारलं.

"परवा, मॅडम. उद्या भरती व्हायचंय."

डॉ. काझींनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! मॅडम, रिपोर्टवर सही माझी आहे. फोन मी करतो."

"फोन नको," मॅडम म्हणाल्या. "आपण जाऊ."

क्रांती चौकातल्या गर्दीत आमची गाडी अडकली. समोर टँकर, मागं टँकर. मॅडम पुढच्या सीटवर बसून वहीत काहीतरी मांडत होत्या आणि खोडत होत्या. मी मागं बसून मनाशी जुळवत होतो, कोणी विचारलं तर काय सांगायचं.

तिथले शल्यचिकित्सक भले गृहस्थ होते, पण वैतागले. तारीख ठरलेली, तयारी झालेली, अहवाल आमचाच. ते मॅडमना म्हणाले, "माफ करा, पण आपण डॉक्टर आहात का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणूनच सांगायला आले. तुम्ही माझ्या आकड्यावर चाकू धरताय. तो आकडा चुकलाय असं मला वाटतं. आठ दिवस द्या."

"आणि तुमचं वाटणं चुकलं तर?"

"तर आठ दिवस वाया जातील. आकडाच चुकलेला असेल, तर किडनी जाईल."

डॉ. काझींनी धोका किती, ताप आहे का, पू आहे का, याची त्यांच्याशी तपशीलवार चर्चा केली. अखेर आठ दिवस मिळाले. हौसाबाईंना आमच्याकडं दाखल केलं. सलाईन लावलं, वर तोंडानं पाणी दिलं, रक्त तपासलं. पुन्हा तपासणी म्हणजे पुन्हा किरण, पुन्हा औषध. मॅडमना त्याचाही घोर लागला होता. त्यांनी हौसाबाईंना आणि त्यांच्या मालकांना सगळं समजावून सांगितलं आणि मगच संमतीचा अंगठा घेऊ दिला. मालकांनी एवढंच विचारलं, "आधीचं चुकलं, तर हे बरोबर कशावरून?" मॅडम म्हणाल्या, "या वेळी जास्त वेळ बघणार आहोत. तरी शंभर टक्के सांगत नाही."

त्या सकाळी मी बटणावर हात ठेवला तेव्हा बोटं माझी वाटत नव्हती. सहा चित्रं झाली. डावी किडनी काळीच. सातवं काढलं. आठवं. नवव्या चित्रात डाव्या बाजूला पांढुरकी कड उमटली. दहाव्यात ती स्पष्ट झाली. डॉ. काझी खुर्चीत मागं रेलले. "चल रही है, मॅडम. धीमी है, पण चल रही है."

मॅडम रडल्या नाहीत, हसल्याही नाहीत. त्यांनी विचारलं, "होळीपासून अजून किती जण?"

हौसाबाईंचा खडा काढला, किडनी राहिली. पण मॅडमच्या लेखी गोष्ट तिथं संपली नव्हती. पद्धत त्यांनी त्याच दिवशी थांबवली आणि होळीपासूनच्या प्रत्येक रुग्णाला शोधून परत बोलवायचं ठरवलं. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं जीपनं, एस्टीनं गावोगाव फिरलो. कोणी वीटभट्टीवर गेलेलं, कोणी शहरातच बांधकामावर लागलेलं. नाव सापडलं की मॅडम सुस्कारा सोडायच्या आणि लगेच पुढच्या नावावर बोट ठेवायच्या. बहुतेकांचं अजून काही ठरलेलं नव्हतं. एकाचं मात्र झालं होतं.

ते बिडकीनचे एक सुतार होते. त्यांची किडनी आमच्या अहवालानंतर पंधरा दिवसांत काढली गेली होती. त्यांच्या डॉक्टरांच्या मते तिच्यात पू झालेला होता आणि ती एरवीही काढावीच लागली असती. डॉ. काझींनाही तसंच वाटत होतं. मी मॅडमना म्हणालो, "मग कशाला जायचं? त्यांना उगीच त्रास." त्या म्हणाल्या, "काढावीच लागली असती असं आपण म्हणतोय, कारण आपल्याला तसं हवंय. मला ठाऊक नाही. जेवढं ठाऊक आहे तेवढं त्यांना सांगायला हवं."

सुतार ओसरीवर बसले होते. मॅडमनी काही न सजवता सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "आता सांगून काय उपेग?" आणि उठून मागच्या दारानं निघून गेले. आम्ही दोघं तिथंच उभे. त्यांच्या कारभारणीनं आतून तांब्या आणून मॅडमच्या हातात दिला. मॅडम पाणी प्यायल्या, तांब्या परत दिला, आणि गाडीत बसल्यावर पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. सुतार आमच्याशी आजवर बोललेले नाहीत. मॅडम दर वर्षी त्यांच्या घरी फोन करतात, उरलेल्या किडनीची तपासणी करून घ्यायची आठवण देतात. कारभारीण फोन उचलते, "बरं, बाई" म्हणते. तपासणी होते.

चौकशी समिती बसली तेव्हा मी राजीनामा लिहून खिशात ठेवला होता. मॅडमनी समितीला दिलेलं निवेदन मला नंतर वाचायला मिळालं. त्यात लिहिलं होतं की रुग्ण प्रश्नाला खरं उत्तर देईल असं धरून मी आराखडा केला, जुन्या नोंदी बहुतेक शहरातल्या आणि पाऊसपाण्याच्या वर्षांतल्या होत्या हे मी तपासलं नाही, ही चूक माझी आहे. तंत्रज्ञाची अर्जावरची खूण ही त्या चुकीचाच भाग आहे. मी त्यांना म्हणालो, "मॅडम, माझा दोष तुम्ही कशाला घेता?" त्या म्हणाल्या, "तुमचा दोष तुमच्यापाशी आहेच. मी माझा घेतला." मला समज देऊन सोडण्यात आलं. त्या दिवसापासून मी कोणालाही मान खाली घालून काही विचारलेलं नाही.

नंतर काही जाणकारांनी त्यांना सुचवलं, की उन्हाळ्यातले रुग्ण नियम न पाळणारे म्हणून वगळा, बाकीचं काम उत्तम आहे, छापून टाका. मॅडमनी ऐकलं नाही. त्या म्हणाल्या, "माझी पद्धत फक्त पाणी पिऊन आलेल्या माणसावर चालत असेल, तर ती मराठवाड्यात चालत नाही." त्यांनी आराखडा नव्यानं केला. या वेळी हौसाबाईंसारख्यांच्या नोंदी आधी घेतल्या. सहाची सात चित्रं झाली. सातवं बरंच उशिराचं. पण मला विचाराल तर खरी दुरुस्ती दुसरीच होती. स्वच्छतागृहाचं कुलूप निघावं म्हणून मॅडम तीन वेळा कार्यालयात जाऊन बसल्या. टँकरचं पाणी आधी तिथं सुटेल असं लेखी घेतलं. दाराबाहेर माठ ठेवला, आणि तो भरायला कॉलनीतून स्वतःच्या स्कूटीवर कॅन आणू लागल्या; त्यांच्या घरी तेव्हा पाहुण्याला आंघोळीचं पाणी मोजून मिळत होतं. अर्जावरची ती ओळ त्यांनी काढून टाकली. आता मी ग्लास भरून हातात देतो आणि रुग्ण पिईपर्यंत समोर उभा राहतो.

माझ्यावर त्यांचं ऋण याहून मोठं आहे. त्या चुकीनंतर माझी झोप उडाली होती, यंत्रापाशी जायची भीती वाटायची. कोणाला सांगितलं नव्हतं. मॅडमनी ओळखलं. महिनाभर त्या रोज कॉलेज सुटल्यावर येऊन माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायच्या. काही समजावायच्या नाहीत. पेपर तपासायच्या. मला आधार वाटावा म्हणून येतात, हे मला फार उशिरा कळलं. एक दिवस त्या आल्या नाहीत आणि संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, की मी दिवसभर न घाबरता काम केलं.

आज विभागात नवी यंत्रं आहेत. शहर ओळखू येणार नाही इतकं पसरलंय. मॅडम निवृत्त होत आहेत, पण त्यांनी नवं काम हाती घेतलंय. लहान मुलांना भूल न देता कमीत कमी वेळात एमआरआय कसा करता येईल, याचा आराखडा. परवा त्यांचा फोन आला. "भास्करराव, तुमच्या मनात ज्या ज्या शंका येतील त्या लिहून द्या. बारीकसारीकसुद्धा. मला जरा काळजी वाटते." मी चार पानं लिहून दिली. त्यांनी आणखी मागितली आहेत.

मॅडम, हे काम पुरं व्हायला बरीच वर्षं लागतील. ती सगळी वर्षं, आणि त्यांच्यापुढची आणखी कितीतरी, तुम्हाला धडधाकट शरीरानं आणि शांत मनानं मिळोत. रक्तदाबाची गोळी तुम्ही विसरता, ती विसरू नका. तुमची काळजी कमी व्हावी असं मात्र मी मागणार नाही. किती जणांचं शरीर तिच्यामुळं शाबूत आहे, हे मला माहीत आहे. एवढंच म्हणतो, की आजवर ती तुम्ही एकट्यांनी वाहिली. आता तिचा थोडा भार तुम्ही शिकवलेल्या आमच्या खांद्यावर द्या. आम्हाला काळजी करता येते आता.